घंटामंडप

घंटामंडप : देवालयाच्या प्रांगणात, नदीच्या घाटावर अथवा आवाराच्या तटावर मोठी घंटा टांगण्यासाठी उभारलेली छोटी, बहुधा चारही बाजूंनी मोकळी वास्तू. गाभाऱ्यासमोरच्या लहान घंटेला वेगळ्या वास्तूची गरज नसते. ती सभामंडपाच्या तुळईला किंवा कमानीला अडकविता येते. शेकडो किलोग्रॅम वजनाच्या घंटेचे मात्र तसे नाही. तिचा भार पेलणारा आधार हवा, तिचा नाद कोंडणार नाही अशी जागा हवी आणि वाजविणाऱ्याला ती हाताशीही हवी. महाराष्ट्रातील लक्षणीय घंटामंडप अठराव्या शतकातील असून ते एका विशिष्ट घटनेशी निगडित आहेत. ती घटना म्हणजे १७३७–३९ ची मराठ्यांची वसई-साष्टीची मोहीम आणि त्या मोहिमेत हाती आलेल्या पोर्तुगीज चर्चमधील घंटा. या घंटांसाठी बांधलेली घरे आकाराने लहान असली, तरी गतकाळ कानाला ऐकविणाऱ्या वास्तू म्हणून त्यांचे महत्त्व मोठे आहे.

इतिहासाची साधने बहुतांशी डोळ्यांसाठी असतात : कागद, नाणी, शिलालेख, तटबुरूज. आवाज मात्र उमटतो आणि विरतो. पेशवाईतील चौघड्याचा ठेका परंपरेने टिकला असला, तरी नगाऱ्यावरचे कातडे अनेकदा बदलले गेलेले असते. किल्ल्यांवरील तोफा मुक्या झालेल्या आहेत. ओतीव घंटा मात्र, तिला तडा गेला नसेल तर, ओतली त्या वर्षी ज्या स्वरात बोलली त्याच स्वरात आजही बोलते. कारण तिचा स्वर तिच्या आकारात, जाडीत आणि धातूच्या मिश्रणात बांधलेला असतो. तेव्हा अठराव्या शतकातील महाराष्ट्राचा जवळजवळ जसाच्या तसा आवाज आज ऐकावयाचा असेल, तर तो या घंटांपाशीच ऐकावा लागतो.

या विषयाचे भौगोलिक सूत्र रायगड जिल्ह्यात (१९८१ पूर्वीचा कुलाबा जिल्हा) चांगले सापडते. रोह्याजवळून वाहणारी कुंडलिका नदी रेवदंड्याजवळ समुद्रास मिळते. तिच्या मुखाच्या उत्तरेस चौल-रेवदंड्याचे पोर्तुगीज ठाणे होते, दक्षिणेस कोर्लईचा डोंगरी किल्ला. १५२१ पासून १७४० पर्यंत, म्हणजे दोन शतकांहून अधिक काळ, या खाडीच्या तोंडाशी पोर्तुगिजांची सत्ता होती. रेवदंड्याच्या कोटात फ्रान्सिस्कन पंथीयांच्या सेंट बार्बरा मठाचा मनोरा भग्नावस्थेत उभा आहे. त्याच्या सात मजल्यांवरून लोक त्याला ‘सातखणी’ म्हणतात. तेथून नदीने वर गेले की अष्टमी व रोहे ही जोडगावे लागतात आणि पुढे खुष्कीच्या वाटेने रायगड. मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन १६७४ मध्ये शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकासाठी याच मार्गाने गेला. मुंबईहून गलबताने चौल, चौलहून नदीतून अष्टमी आणि तेथून निजामपूरवरून रायगड असा त्याचा प्रवास नोंदलेला आहे. चर्चच्या घंटांच्या टापूतून निघालेला हा प्रवासी नौबतीच्या टापूत पोहोचला आणि या दोहोंच्या मधला नाका म्हणजे रोहे-अष्टमी.

रायगडावरील नगारखाना हा ध्वनीसाठी योजलेल्या मराठी वास्तूंपैकी पहिल्या प्रतीचा होय. राजसभेच्या पूर्वेस, सिंहासनाच्या अगदी समोर, तो प्रवेशद्वारावरच बांधलेला आहे. राजसभेची लांबी सु. ६७ मी. (२२० फूट) आहे. सिंहासनाच्या जागी बेताच्या आवाजात बोललेले शब्द नगारखान्याच्या दारात ऐकू येतात, हा अनुभव गडावर जाणारे अनेकजण घेतात. आज राजसभा छपराविना उघडी आहे. तिच्यावर छत, पडदे व माणसांची दाटी असताना हा ध्वनी कसा पोहोचत असेल, याचा अंदाज आजच्या अनुभवावरून बांधणे धाडसाचे ठरेल. ऑक्झिंडेनच्या वृत्तांतात तर महाराजांचे लक्ष वेधण्यासाठी दुभाषा नारायण शेणवी याने हिऱ्याची अंगठी उंच धरल्याचा उल्लेख आहे. म्हणजे तेथे शब्दाऐवजी डोळ्यांना खूण करावी लागली. नगारखान्याचे खरे कार्य निराळे होते. प्रहराप्रहराला होणारी नौबत ही राजसत्तेची उपस्थिती सांगणारी खूण होती आणि ती दूरवर जावी म्हणून वाद्ये दरवाजावर उंचावर नेलेली असत. पुढे देवालयांनीही ही योजना स्वीकारली. देवाला राजा मानले की त्याच्या दारी नौबत आलीच.

वसईच्या घंटा : पोर्तुगिजांनी १५३४ मध्ये गुजरातच्या बहादुरशाहाकडून वसई मिळविली आणि पुढील दोनशे वर्षांत कोटाच्या आत व बाहेर अनेक चर्च व मठ बांधले. चिमाजी आप्पाच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी १७३७ मध्ये ठाणे घेतले आणि दीर्घ व अतिशय रक्तरंजित वेढ्यानंतर मे १७३९ मध्ये वसईचा कोट शरण आला. १७४० च्या तहाने चौल-रेवदंडा व कोर्लई ही ठाणीही मराठ्यांकडे आली. उत्तर कोकणातील चर्चमधल्या घंटा या मोहिमेनंतर मराठी मुलखातील देवालयांत पोहोचल्या. त्यांपैकी नासिक, मेणवली, भीमाशंकर, थेऊर व पाली येथील घंटा विशेष प्रसिद्ध आहेत.

पालीचे बल्लाळेश्वर मंदिर अष्टविनायकांपैकी एक असून पेण व रोहे या दोहोंपासून ते जवळ आहे. तेथील यूरोपीय बनावटीची घंटा चिमाजी आप्पाने वसई-साष्टीच्या विजयानंतर अर्पण केली, अशी परंपरा आहे. पाली हे गाव अंबा नदीच्या खोऱ्यात वसले असून ही नदी नागोठण्यावरून धरमतरच्या खाडीला मिळते. पेणची भोगावतीही याच खाडीची उपनदी. नागोठणे हे जुन्या काळी भरतीच्या पाण्यावर गलबते येण्याचे ठिकाण होते. त्यामुळे वसईकडून निघालेली अवजड घंटा समुद्रमार्गे, पेणच्या खाडीमुखावरून नागोठण्यापर्यंत आणि तेथून थोडीशी वाट जमिनीवरून आली असावी, असे तर्काने म्हणता येते. त्या काळच्या कोकणात एवढे ओझे गाडीवाटेने नेण्यापेक्षा हाच मार्ग सोयीचा होता.

जिंकलेल्या घंटेचे काय करावयाचे, याची उत्तरे जगाच्या इतिहासात वेगवेगळी मिळतात. ९९७ मध्ये अल् मन्सूर याने स्पेनमधील सांतिआगो येथील चर्चच्या घंटा कॉर्दोव्हाला नेल्या आणि तेथील मशिदीत त्यांचे दिवे केले. १२३६ मध्ये कॉर्दोव्हा जिंकल्यावर तिसऱ्या फर्नांदोने त्या परत सांतिआगोला पाठविल्या, असे इतिवृत्ते सांगतात. म्हणजे अडीचशे वर्षे त्या घंटा प्रकाश देत राहिल्या. बोलल्या मात्र नाहीत. यूरोपातील युद्धांत घंटा वितळवून तोफा ओतणे हा नेहमीचा प्रकार होता. घंटेच्या धातूत कथिलाचे प्रमाण तोफेच्या मानाने जवळजवळ दुप्पट असते. तेव्हा त्यात तांबे मिसळून त्याचा ठिसूळपणा कमी करावा लागे, इतकेच. मराठ्यांना तोफांची नित्य गरज असे आणि तांबे-कथील स्वस्त नव्हते. असे असता या घंटा आटविल्या गेल्या नाहीत, फोडल्या गेल्या नाहीत आणि मुक्याही ठेवल्या गेल्या नाहीत. त्यांवरील क्रूस, ख्रिस्तमातेची प्रतिमा आणि सन ही चिन्हेदेखील खरवडून काढण्यात आली नाहीत. त्या देवापुढे टांगल्या गेल्या आणि वाजू लागल्या. याला उदारपणा म्हणावे की विजयचिन्ह मिरविण्याची हौस, याविषयी मतभेद होऊ शकेल. दोन्ही हेतू एकत्र असणेच अधिक संभवनीय वाटते. नाद देवाला प्रिय आहे आणि चांगला नाद कोठून आला हे देव विचारीत नाही, ही भाविकांची धारणा येथे उपयोगी पडली असावी.

घडण व नाद : यूरोपीय घंटा हे कास्याचे ओतकाम होय. साधारणतः चार भाग तांबे व एक भाग कथील असे मिश्रण वापरतात. मातीचा गाभा करून त्यावर घंटेच्या आकाराचा मातीचाच थर चढवितात, त्यावर बाहेरचा साचा घडवितात. मग मधला थर काढून टाकून त्या पोकळीत रस ओततात. पेणच्या मूर्तिकारांना माती व साचा यांचे हे नाते अनोळखी वाटणार नाही. घंटेचा माथा व कंबर तुलनेने पातळ ठेवून ओठाजवळचा भाग जाड ठेवलेला असतो आणि लोळा तेथेच आदळतो. यामुळे एका ठोक्यातून अनेक स्वर निघतात : प्रथम कानावर पडणारा तीव्र स्वर, त्याच्या जोडीला कोमल गंधारासारखा एक स्वर आणि सगळ्यांच्या मागून, एक सप्तक खाली, दीर्घकाळ घुमत राहणारी गुंजन. यूरोपीय घंटेला जो किंचित उदास रंग असतो तो या कोमल स्वरामुळे येतो. आपल्याकडील नेहमीची देवघंटा आकाराने लहान आणि बहुधा पातळ असते. तिचा आवाज उंच, लखलखीत आणि लवकर ओसरणारा असतो. दोन्ही जवळजवळ टांगलेल्या ठिकाणी कान देऊन उभे राहिल्यास हा फरक कोणाच्याही ध्यानात येतो.

चर्चमध्ये घंटा मनोऱ्यात किंवा दर्शनी भिंतीच्या कमानीत उंचावर असे. ती दोराने झुलविली जाई किंवा तिचा लोळा दोराने ओढला जाई. तिचे काम गावाला हाक घालण्याचे होते : प्रार्थनेची वेळ, मृत्यूची वार्ता, धोक्याचा इशारा. घंटा वाजविणारा एक, ऐकणारे हजार. देवालयात हे नाते उलटते. प्रत्येक भाविक स्वतः घंटा वाजवितो आणि आपण आल्याचे देवाला कळवितो. ऐकणारा एक, वाजविणारे हजार. म्हणून मनोऱ्यातून उतरलेल्या घंटेला माणसाच्या हाताच्या उंचीवर यावे लागले. घंटामंडप ही वास्तू या गरजेतून घडली. उंची कमी झाली की आवाजाचा पल्ला कमी होतो. हा तोटा जागेच्या निवडीने आणि बाजू मोकळ्या ठेवून भरून काढावा लागतो. जुन्या गवंड्यांनी तो कसा भरून काढला, हे दोन उदाहरणांवरून दिसते.

नासिक येथे गोदावरीच्या काठी पंचवटीत नारोशंकर राजेबहाद्दर यांनी १७४७ मध्ये रामेश्वराचे मंदिर बांधले. देवालयाभोवतीच्या तटावर, नदीच्या बाजूस, दगडी छत्रीत मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर १७२१ हे वर्ष आहे. ही योजना मनोरा व नगारखाना यांच्या मधली म्हणता येईल : घंटा उंचावर ठेवली, पण मनोऱ्याइतकी उंच नव्हे, तटाला जोडून आणि नदीकडे तोंड करून. समोर पाण्याचा मोकळा विस्तार असल्याने तिचा आवाज कोसांवर ऐकू जाई, असे सांगतात. ‘नारोशंकराची घंटा’ हा शब्दप्रयोग मराठीत रूढ झाला तो तिच्या मोठेपणामुळे. नासिककरांनी तिला आणखी एक काम दिले. गोदावरीला पूर आला की पाणी किती चढले हे दुतोंड्या मारुतीवरून जसे मोजतात, तसेच या घंटेवरूनही.

मेणवलीचा घंटामंडप त्याहून लहान आणि, या लेखाच्या दृष्टीने, अधिक मोलाचा आहे. वाईजवळ कृष्णाकाठी असलेले हे गाव नाना फडणीसांना १७६८ मध्ये इनाम मिळाले. तेथे त्यांनी वाडा, चंद्रकोरीच्या आकाराचा घाट आणि घाटावर मेणेश्वराचे व विष्णूचे अशी देवालये बांधली. देवालयाजवळच घडीव दगडाच्या छोट्या मंडपात सु. ६५० किग्रॅ. वजनाची म्हणून सांगितली जाणारी पोर्तुगीज घंटा आहे. तिच्यावर बालयेशूला घेतलेल्या मेरीची उठावातील प्रतिमा आणि १७०७ हे वर्ष आहे. औरंगजेब अहमदनगरजवळ मरण पावला ते हेच वर्ष. नाना फडणीसांचा जन्म १७४२ चा, म्हणजे वसई पडल्यानंतर तीन वर्षांनी. यावरून घंटा मेणवलीस आली ती विजयानंतर किमान एकोणतीस वर्षांनी, हे उघड आहे. नासिकची घंटाही लगेच टांगली गेली नव्हती. तिचे मंदिर वसईनंतर आठ वर्षांनी उभे राहिले. तेव्हा या घंटा म्हणजे युद्धाच्या धुंदीत देवापुढे आणून टाकलेली लूट असे जे चित्र रंगविले जाते, ते मेणवलीच्या बाबतीत तरी टिकत नाही. मधल्या काळात ती कोणीतरी जपली, तिच्यासाठी जागा ठरविली आणि तिच्या मापाचा मंडप घडविला.

या मंडपाची रचना साधी आहे. चौथरा, जाड खांबांवरील कमानी आणि वर छत; मधोमध घंटा, हात वर केला तर लोळा हाताशी येईल इतकी खाली. भिंती नसल्याने ध्वनी चहूकडे सुटतो. छत वरचा नाद अडवून खाली व बाहेर वळविते. त्यामुळे आत उभ्या असलेल्या माणसाला गुंजन अंगावर आल्यासारखी जाणवते. घाटाचा दगड ध्वनी शोषून घेत नाही आणि नदीचे पाणीही नाही. पहाटे पाण्यालगतची हवा गार व वरची त्यामानाने उबदार असते, तेव्हा ध्वनी वर निसटून न जाता खाली वळत पलीकडच्या तीराकडे जातो. काकडआरतीच्या वेळी नदीपलीकडे घंटा स्पष्ट ऐकू येते आणि दुपारी ती क्षीण वाटते, हा नदीकाठच्या गावांतील नित्याचा अनुभव याच कारणाने येतो. मंडप बांधणाऱ्यांना हे शास्त्र या शब्दांत ठाऊक नसेल; अनुभव मात्र पक्का होता.

भीमाशंकर येथे मंडपही नाही. देवळासमोर दोन खांबांमध्ये घंटा टांगलेली आहे. डोंगरमाथ्यावरील पाऊस व धुके यांत ती उघडी राहते; कासे हवेत टिकणारे असल्याने तिचे फारसे बिघडत नाही. घंटेला नवे घर देण्याचा प्रकार पोर्तुगीज मुलखातही घडला. जुन्या गोव्यातील ऑगस्टिनियन मठ ओस पडल्यावर तेथील घंटा प्रथम आग्वादच्या दीपगृहावर नेण्यात आली आणि १८७१ मध्ये पणजीच्या चर्चच्या दर्शनी भागावर तिच्यासाठी खास कमान उभारण्यात आली. तेथील चर्चचे आजचे परिचित रूप या पाहुण्या घंटेमुळे सिद्ध झाले.

या घंटांच्या इतिहासाची दुसरी बाजू सांगितली पाहिजे. वसई-साष्टीतील ख्रिस्ती शेतकऱ्यांना व कोळ्यांना त्यांचा नाद म्हणजे परक्या सत्तेचा आवाज वाटत नव्हता. ती त्यांच्या बाप्तिस्म्याची, लग्नाची, मर्तिकाची घंटा होती. कोर्लईच्या पायथ्याशी पोर्तुगीज सत्ता संपल्याला पावणेतीनशेहून अधिक वर्षे झाली, तरी तेथील ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज-मराठी मिश्र बोली घरोघर टिकून आहे. कुंडलिकेच्या मुखाशी भाषा राहिली आणि घंटा खोऱ्याखोऱ्यांतून आत निघून गेल्या.

नवी योजना : मूळ घंटा जेथे आहेत तेथेच राहाव्यात, याविषयी दुमत नसावे. मात्र हा इतिहास ज्या मार्गाने घडला त्या मार्गावर, म्हणजे रोह्याला कुंडलिकेच्या काठी किंवा पेणच्या खाडीलगत, नव्या ओतीव घंटेचा छोटा मंडप उभारावयाचा झाल्यास जुन्या वास्तूंकडून पुष्कळ शिकण्यासारखे आहे. चार खांब आणि एक छत पुरे. खांबांत वीट किंवा सिमेंट न वापरता येथील काळा दगड वापरल्यास मंडप परिसराशी जुळेल. कोकणच्या पावसासाठी छत उतरते व पागोळ्या बाहेर टाकणारे हवे, कारण घुमटीवर शेवाळ धरते आणि सांध्यांत पाणी मुरते. घंटेचा भार खांबांवर घ्यावा, छतावर घेऊ नये; तुळई सागाची असल्यास ठोक्याचा हादरा ती पचविते, लोखंडी असल्यास तो खांबांत उतरतो. उघडी बाजू नदीकडे असावी. घंटा ओतताना ती यूरोपीय घाटाची, जाड ओठाची असावी, म्हणजे रेवदंड्याच्या सातखणीतून एके काळी जो स्वर अष्टमीच्या दिशेने येत होता, त्याच्या जातीचा स्वर पुन्हा ऐकू येईल. माहितीचा फलक लावायचाच तर थोडक्या ओळींचा असावा. लोकांनी आधी घंटा वाजवावी आणि मग वाचावे, अशी त्याची जागा असावी. फलक समोर आणि घंटा मागे अशी मांडणी केली की वास्तू मुकी होते.

जतनाच्या बाबतीत आजची स्थिती समाधानकारक नाही. घंटेला तैलरंग फासणे, तिच्याभोवती सळ्या जखडणे, लोळा गहाळ झाला म्हणून लोखंडी हातोडीने ओठावर घाव घालणे, असे प्रकार आढळतात. रंगाच्या थराने गुंजन लवकर मरते आणि कठीण लोखंडाच्या घावाने तडा जातो. तडा गेलेली घंटा जोडता येते. परंतु जुना स्वर क्वचितच परत मिळतो. शेकडो वर्षे लोळा ओठाच्या त्याच दोन जागी आदळत राहिल्याने तेथे धातू झिजतो. अशा वेळी घंटा टांगणीतच पाव फेरा फिरवून झिज नव्या जागी घ्यावी, ही यूरोपातील जुनी रीत आहे आणि ती आपल्याकडेही सहज करता येण्याजोगी आहे. अनेक देवळांत आता आरतीच्या वेळी विजेवर चालणारे झांज-नगारा-घंटेचे यंत्र लावतात. त्याच्या कर्कश आवाजात शेजारची ओतीव घंटा बुडून जाते आणि हळूहळू कोणी तिला हातही लावीनासे होते. मेणवलीच्या घाटावर असे यंत्र दूर ठेवून त्या घंटेचा एकच ठोका घेतला, तर तो पुरता विरेपर्यंत बराच वेळ थांबावे लागते.